कणगीला कोपरा नसतो

सुगी आली की मला आधी वासावरून कळतं. लोणावळ्यात भाताची खाचरं आता फार उरली नाहीत, बंगल्यांच्या कुंपणांनी बरीच गिळली. तरी कार्तिक सरता सरता एखाद्या सकाळी शाळेत जाताना वाऱ्यावरून झोडलेल्या पेंढ्याचा वास येतो आणि मी भर रस्त्यात उभी राहते. मागून टांगेवाला ओरडतो, "ओ बाई, बाजूला!" मी बाजूला होते. त्या दिवशी मुलींना मी शुद्धलेखन जरा जास्तच घालते, कारण मला बोलायचं नसतं.

यंदाही तसंच झालं. घरी आले तर कंट्रोलच्या दुकानातून आणलेला तांदूळ सुपात पडला होता आणि आई चाचपून चाचपून त्यातले खडे काढत होती. तिला आता डोळ्यांनी फार दिसत नाही, पण खडा बोटाला कळतो. निवडून झाल्यावर तो मी डब्यात ओतायला घेतला. डबा म्हणजे रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा, वरचा पत्रा कापून झाकण बसवलेला. त्याच्या कडेनं बोट कापलं. दर आठवड्याला कापतं. त्याच्या चारी कोपऱ्यांत जुने दाणे अडकून बसतात, त्यांना कीड लागते, मग काडीनं कोपरे कोरत बसा. बिचारा डबा तांदळासाठी केलेलाच नाही. तो तेलासाठी केला, तेल संपलं आणि तो आमच्या गळ्यात पडला. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही हे मला कळतं, तरी मी धरते.

वाईट घडवलेल्या वस्तूचा मला राग येतो, आणि चांगली घडवलेली दिसली की मी वेड्यासारखी तिच्याकडे बघत राहते. तांब्याच्या गळ्यात बोटं आपोआप बसतात, तिथं कासाराच्या हातचं काहीतरी शहाणपण असतं. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी विळी आहे, तिच्या पाटाला बसणाऱ्या बाईच्या गुडघ्यापुरतं किंचित कोरलंय. मी ती विळी बघायला म्हणून दोनदा तिच्याकडे भाजी चिरायला बसले. ती म्हणते, तुला काहीतरी लागिर झालंय. झालंय खरं. ते एका कणगीनं लावलंय, आणि ती सुगी होती आमच्या गावातली शेवटची.

आमचं गाव आंदर मावळात होतं. होतं असंच म्हणायचं, कारण आता तिथं पाणी आहे. मी नऊ वर्षांची होते. त्या पावसाळ्यात खाली खिंडीत धरणाची भिंत चढत होती, आणि सुगी उरकली की चैत्र-वैशाखात गाव रिकामं करा, पुढच्या पावसाला पाणी अडवणार, असा हुकूम येऊन पोचला होता. चावडीवर वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर घरी येताना आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पानी आपल्या पायरीला लागाया डोंगर भरला पायजे. कंदी भरायचा त्यो?" हुकूम ऐकला सगळ्यांनी. खरा कोणालाच वाटला नाही.

त्याच महिन्यात आईनं नवी कणगी विणून घ्यायची ठरवली.

ज्यांनी कणगी पाहिली नाही त्यांना सांगते. घरात वर्षाचं भात साठवायची ती मोठी विणलेली कोठी. बांबूच्या उभ्या कामट्या आणि त्यांतून आडव्या निरगुडीच्या फोका. फोक म्हणजे ओली, लवचिक काठी. निरगुडीच का, तर तिच्या वासानं कीड येत नाही. खाली चार दगड, म्हणजे वारा खेळतो आणि ओल चढत नाही. मध्ये पोट सुटलेलं, वर तोंड आवळलेलं. अंगाला आतबाहेर शेणमातीचा लेप. वरून नवं भात ओतायचं आणि तळाशी एक बोळा मारलेलं भोक असतं, तिथून जुनं काढायचं; म्हणजे आधी आलेलं आधी जातं, कोणी लक्ष ठेवायला नको. सगळ्या अंगात एक खिळा नाही. कोपरा तर नाहीच, त्यामुळे उंदराला दात लावायला जागा नाही आणि दाण्याला दडून बसायला जागा नाही. आज मला कोणी विचारलं की घडण म्हणजे काय, तर मी फळ्यावर कणगी काढून दाखवीन.

आमची जुनी कणगी बुडाशी कुजली होती. आबा म्हणाले, "यंदा पोत्यांत भरू. जायाचंच हाय तर नवी कशाला?" आई म्हणाली, "भात पोत्यात झोपत न्हाई." एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं वरच्या ठाकरवाडीतून कमळूभाऊला बोलावणं धाडलं.

कमळूभाऊ ठाकर. दर सुगीच्या आधी तो डोंगर उतरून गावात यायचा आणि दारोदार कणगी, टोपली, सूप जे लागेल ते विणून द्यायचा. हडकुळा, कमरेला कोयता, बोलणं फार कमी. बोटं मात्र त्याच्या बाकीच्या अंगापेक्षा तरुण दिसायची. मोजपट्टी नव्हती त्याच्याकडे. त्याची मोजायची एक रीत होती, आणि तिला सगळं गाव हसायचं. घरधनी आणि घरधनीण यांनी जुन्या कणगीच्या दोन बाजूंना उभं राहायचं आणि दोघांनी मिळून तिला कवळ घालायची. बोटाला बोट लागलं पाहिजे. तेवढा घेर बरोबर.

आईआबांनी चारचौघांत एकमेकांना हात लावल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि कणगीला गाल टेकून उभी राहिली. पलीकडून आबांचे हात आले. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "अगं, धर की नीट! कणगीच हाय, पळून जात न्हाई." आबा कणगीमागून ओरडले, "कमळू, लवकर बग रं बाबा!" कमळूभाऊ मात्र गंभीरपणे दोरी धरून फेरी मारत होता.

"दोगांच्या कवळीत मावंल एवढीच पायजे," तो म्हणाला. "ल्हान केली तर पोटाला कमी. मोठी केली तर निम्मी रिकामी ऱ्हाती, आन रिकामी कणगी घराला खाती."

मग त्यानं माझे खांदे वितीनं मोजले. कणगीचं तोंड घरातल्या लहान पोराच्या खांद्याएवढं ठेवायचं, कारण आतून लिंपायला त्यालाच उतरावं लागतं. माझ्या पाठीवर आमच्या घरात कोणी जगलं नव्हतं, तेव्हा ते खांदे माझे. "यंदा मावंल पोर," तो आईला म्हणाला. "म्होरल्या सालाचं काय सांगावं."

विणायला बसण्याआधी त्यानं एकदा घराकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आमचं दार दीड हात रुंद आणि ठेंगणं, आबांनाही वाकून यावं लागायचं. कणगी घरातच विणतात, जिथं उभी राहायची तिथंच.

"बाय," तो आईला म्हणाला, "ही इणल्यावर भायेर न्हाई निगायची."

"आता भायेर कशाला न्यायाची तिला?" आई म्हणाली.

हुकूम चावडीवर वाचून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आबा तिथं होते, काकू होत्या, मी होते. त्या उत्तरात काही चुकलंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. मी कितीदा तरी त्या घटकेकडे परत जाते आणि कोणाला तरी काहीतरी बोलायला लावू बघते. कोणी बोलत नाही. कमळूभाऊनं पहिली फोक वाकवली.

चार दिवस घरात ओल्या निरगुडीचा कडसर वास होता. तो आत बसून विणायचा, मग घेर वर आला की बाहेरून उभ्यानं. एक फोक संपली की दुसरी तिच्या पोटाखालून अशी घुसवायचा की सांधा सापडू नये. मी सांधे शोधायची आणि हरायची. शेवटी तोंडाचा काठ वळला, शेवटची फोक आत खोचली आणि त्यानं कणगीला एक बारीक थापटी दिली, म्हशीच्या पाठीवर देतात तशी. तेवढंच त्याचं कौतुक.

मग माझी पाळी. आबांनी मला काखेत धरून आत सोडलं. खांदे काठाला घासत, पण उतरले. आत हिरवट अंधार, डोक्यावर उजेडाची एक गोल भाकरी, आणि फटीफटीतून आईच्या लुगड्याचा रंग. वरून शेणकाला यायचा आणि मी तळव्यानं लिंपत जायची. एकेक फट बुजली तशी आई तुकड्यातुकड्यानं दिसेनाशी झाली. शेवटी नुसता आवाज उरला. "झालं का गं, चिमे?" बाहेरून आई बोटांच्या पेरांनी टकटक करायची, मी आतून टकटक करायची. तितकी सुरक्षित मी नंतर कुठंच नव्हते, हे मी अगदी विचार करून लिहिते आहे.

त्या वर्षी भात असं आलं की काय सांगू. खळ्यावर झोडणी चालली होती तेव्हा माणसं पेंढीवर पेंढी आपटत होती आणि कोणी धरणाचं नाव काढत नव्हतं. आईनं कणगीला हळदकुंकू लावलं, पहिलं सूप ओतलं. भरलेली कणगी मुकी असते. पेरांनी ठोकली तर नुसता धप्प आवाज. जसजसं भात उतरतं तसतशी वरून ती बोलू लागते, आणि आई येताजाता ठोकून सांगायची, आता गळ्याशी आलंय, आता पोटाशी आलंय. तिला आत डोकावावं लागत नसे.

तिला ती पोटाशी येईपर्यंत ठोकता आली. मग वैशाख आला.

गाव कसं उठलं ते मी लिहिणार नाही. मला ते नीट आठवत नाही आणि आठवतं ते लिहवत नाही. मोबदल्याची गोष्ट वेगळी, ती इथं नको. एवढंच की माणसांनी आपापली घरं स्वतःच्या हातांनी उतरवली. कौलं, वासे, आढं, खांब, दार, सगळं गाड्यांवर गेलं. आमचंही गेलं. कुडाच्या भिंती आबांनी लाथेनं पाडल्या. आणि मग धूळ खाली बसल्यावर दिसलं की मोकळ्या जोत्यावर, भर उन्हात, कणगी उभी आहे. जे दार तिला अडवणार होतं ते गाडीवर आडवं पडलं होतं. कमळूभाऊचं म्हणणं खोटं ठरलं होतं. ती बाहेर निघाली नव्हती, घरच तिच्याभोवतीनं निघून गेलं होतं.

"चला की मग," आबा हसून म्हणाले. त्या सबंध महिन्यात ते तेव्हाच काय ते हसले.

भात पोत्यांत भरलं, रिकामी कणगी गाडीवर उभी करून दोरांनी बांधली आणि आम्ही लोणावळ्याला निघालो. आबांना तिथं एका बंगल्यावर माळीकाम मिळालं होतं. दोन दिवसांची वाट. मळवलीच्या रेल्वे फाटकात गाडी थांबली, तर फाटकवाला बघतच राहिला. "कंचा देव म्हनायचा ह्यो?" त्यानं विचारलं. आई ताठ बसून म्हणाली, "आमची कणगी हाय." मला तेव्हा फार अभिमान वाटला. आगगाडी धडधडत गेली, कणगी दोरांत जराशी हलली आणि पुन्हा सरळ झाली.

लोणावळ्याची खोली चाळीतली. एक दार, एक खिडकी, आत चूल आणि तिघांना निजायला जागा. आबांनी कणगी गाडीवरून उतरवली, दाराशी आणली, तिरकी केली, आडवी केली. मग दोरी आणून दार मोजलं. मग कणगी मोजली. मग पुन्हा दार मोजलं, जसं काही मघाशी ते चुकून लहान भरलं असावं. आई आत उभी होती, हात पुढे करून, घ्यायला. ती बराच वेळ तशीच हात पुढे करून उभी होती.

बंगल्यात मी आबांबरोबर जायची. तिथं एक आरामखुर्ची होती, लाकडाची, कॅनव्हासची. काय घडवली होती! चार खाचा, एक दांडा, पाठ हवी तेवढी मागे जाते, आणि उचलली की घडी होऊन भिंतीला टेकते. मी पन्नासदा उघडून मिटून पाहिली, आबांचा ओरडा खाल्ला. हंगाम संपला की साहेबलोक ती खुर्ची, ते घडीचं टेबल, पेट्या, सगळं घेऊन मुंबईला जायचे. त्यांच्या सगळ्या चांगल्या वस्तूंना घडी होती. मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, आज येतं. ज्यांना जायचं ठाऊक असतं ते घडीच्या वस्तू करतात. आम्हाला ठाऊक नव्हतं. कणगीत काही कमी नव्हतं. ती कुठंच न जाणाऱ्या माणसांसाठी केलेली होती, आणि तशी माणसं आता राहिली नव्हती.

ती चाळीच्या अंगणात उभी राहिली. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. बायका विचारायच्या, हे असं कुठवर? ज्येष्ठात कमळूभाऊ करवंदं विकायला लोणावळ्याला आला आणि विचारत विचारत आमच्याकडे पोचला. आधी तो कणगीभोवती एक फेरी मारून आला. गाडीच्या दोरानं घासलेली एक फोक त्यानं अंगठ्यानं दाबून बसवली. मग ओट्यावर टेकला.

"कमळूभाऊ," आई म्हणाली, "हितं घरात एक इणशील का? ल्हानशी?"

त्यानं दारातून आत डोकावलं. चूल बघितली, अंथरुणं बघितली.

"मग मानसं कुटं निजायची, बाय?" तो म्हणाला. पुढे म्हणाला, "आन निरगुड कुटनं आनू? नदीकाठाची समदी जानार की पान्यात." जाताना कणगीकडे बघून म्हणाला, "आतनं बी चांगली लिंपा. मंग येवडा पावसाळा काढंल."

आईनं त्याच संध्याकाळी शेण कालवलं. आबांनी मला उचललं, काखेत धरलं, आत सोडलं. पाय गेले, कंबर गेली, आणि खांदे अडकले. मी हात वर केले, श्वास सोडला, एक खांदा आधी घातला. काठाला खरवडून रक्त आलं. नाही म्हणजे नाहीच. सुगीपासून ज्येष्ठापर्यंत मी वाढले होते. किंवा उन्हातान्हात काठच वाळून आवळला असेल. मला आजही ठरवता येत नाही, आणि मी ठरवायचा प्रयत्न सोडलेला नाही. चाळीत लहान पोरं होती, पण त्यांच्या आया त्यांना त्यात उतरू देईनात, पोराचा दम कोंडेल म्हणाल्या. मी रडायला लागले. आईला म्हटलं, "आय, मी जेवत न्हाई उद्यापासनं." आईनं मला बाहेर ओढून घेतलं आणि शेणाच्याच हातानं माझं डोकं छातीशी दाबलं. "येडी," ती म्हणाली. "वाडू नये का पोरीनं?"

बाहेरून मात्र तिनं ती दोनदा लिंपली. लोणावळ्याचा पाऊस लेपाला काय भीक घालतो? आठ दिवसांत माती वाहून गेली आणि फोका उघड्या पडल्या. पंधराव्या दिवशी चाळीच्या मालकानं निरोप धाडला की ते काढा. आबांनी कोयता घेतला. पहिला घाव बसला आणि कोयता उडून परत आला. दुसराही. कमळूभाऊनं ती अशी विणली होती की तिच्या अंगावर कुठूनही मारा, सगळ्या फोका मिळून तो घाव झेलायच्या. आबा पावसात उभे राहिले, दमलेले. "लय घट इणलीय गं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि त्या कौतुकानंच त्यांनी हात टेकले.

मग आई पुढे झाली. तिनं काठ चाचपला, सगळीकडून, सावकाश, आणि शेवटची खोचलेली फोक शोधून काढली. ती एकच वाट होती. तिथून ती उसवत गेली, ज्या क्रमानं विणली होती त्याच्या उलट क्रमानं. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी अंगणात चार दगड राहिले.

त्या आषाढात सुकं सरपण कुठंच नव्हतं. फोका चुलीच्या वर वाळवून आईनं त्याच जाळल्या. विकून उरलेल्या आमच्या भाताचा शेवटचा तांदूळ त्यांच्यावर शिजला. धूर निरगुडीचा, कडसर. आम्ही तिघं जेवलो. कोणी डोळे पुसले तर धुरामुळे म्हणता येत होतं.

मी चार बुकं शिकले, मास्तरीण झाले, आबा गेले, आई म्हातारी झाली. लढाई आली, तिच्यामागून हे कंट्रोल आलं, आणि आता ती संपली तरी हे जात नाही. शाळेतल्या मुलींना मी खोटं बोलल्याबद्दल उभं करते.

परवा संध्याकाळी आई भिंतीला हात लावत चुलीकडे चालली होती. वाटेत डबा लागला. तिनं थांबून बोटांच्या पेरांनी त्याला ठोकलं, वर, मध्ये, खाली. डबा वरपासून खालपर्यंत टणटण वाजला. नवं रेशन मिळायला अजून तीन दिवस होते.

"सरलं का गं, चिमे?"

"न्हाई आय," मी म्हटलं. "हाय की अजून."

तिनं पुन्हा एकदा ठोकून पाहिलं. पुन्हा तोच आवाज. तिनं मान जरा कलती केली, मग डब्यावर तळवा ठेवला आणि तो आवाज थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"आसंल," ती म्हणाली. "पत्र्याचं मेल्याचं काय खरं न्हाई. भरल्यालं असलं तरी वाजतंच."